बुलेट सांभाळली म्हणून हजार सीसीही सांभाळता येईल? नाही येणार

दहा-बारा वर्षं बुलेट, थंडरबर्ड नाहीतर अ‍ॅव्हेंजर चालवलेला माणूस "आता एक स्पोर्ट्स बाईक घ्यावी म्हणतोय" असं बोलला, की त्याला एक ठरलेला सल्ला मिळतो. रविवारच्या राइडला मिसळ खाताना मिळतो, मोबाइलवर फिरत फिरत येतो, गॅरेजवाल्याकडूनही मिळतो. तो साधारण असा: "दोनशे किलोचं धूड इतकी वर्षं सांभाळलंस, तू काय नवशिका आहेस? तीनशे-चारशे सीसीच्या भानगडीत पडू नकोस, म्हणजे उलट खाली उतरणं झालं. सहा महिन्यांत कंटाळशील आणि विकताना पैसे जातील ते वेगळेच. थेट सहाशे घे, जमलं तर हजार. पॉवर शेवटी आपल्या मनगटात असते. आणि हल्ली एबीएस, ट्रॅक्शन कंट्रोल सगळं असतं, गाडीच सांभाळून घेते." (एबीएस म्हणजे ब्रेक लावताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, ट्रॅक्शन कंट्रोल म्हणजे पॉवर दिल्यावर मागचं चाक घसरू न देणारी.)

मी बारा वर्षं थंडरबर्ड ३५० चालवली. रोज ऑफिसला, दिवाळीत कोकणात, दोन-तीनदा गोव्याला. त्यानंतर केटीएमची स्पोर्ट्स बाईक, जुनी आरसी ३९० घेतली. हा सल्ला मलाही मिळाला होता आणि एका सहाशे सीसी गाडीचं टोकन द्यायला मी जवळजवळ निघालो होतो. सल्ला देणारी माणसं जवळचीच असतात, वाईट कुणीच चिंतत नाही. पण त्यातलं एकेक वाक्य तपासून पाहिलं, तर जवळपास सगळंच चूक निघतं.

"दोनशे किलो सांभाळलंस, म्हणजे अनुभव आहेच"

अनुभव आहे, हे खरं. ट्रकचा ड्रायव्हर आरशात आपल्याला कधी पाहू शकत नाही, ओल्या रस्त्यावरचे पांढरे पट्टे किती घसरतात, एसटी थांब्यावरून निघताना आधी बाहेर येते आणि मग इंडिकेटर देते, हे सगळं अंगात मुरलेलं असतं. ते कुठल्याही गाडीवर कामाला येतं.

पण अंगात आणखी एक गोष्ट मुरलेली असते आणि ती क्रूझरचीच असते, म्हणजे थंडरबर्डसारख्या ऐसपैस बसून चालवायच्या गाडीची. पाय पुढे, हात उंच आणि रुंद, पाठ सरळ, सगळं वजन बुडाखाली. गाडी लांब आणि बुटकी, त्यामुळे मागचा ब्रेक दाबला की बऱ्यापैकी थांबते. बारा वर्षांत माझा उजवा पाय हा माझा मुख्य ब्रेक झाला होता, पुढचा ब्रेक मदतीला. स्पोर्ट्स बाईकवर गणित उलटं आहे. ती आखूड असते, वजन वर आणि पुढे असतं. जोरात ब्रेक लावला की सगळा भार पुढच्या चाकावर येतो, मागचं चाक हलकं होतं आणि मागच्या ब्रेकला पकडायला फारसं काही उरतच नाही. थांबायचं असेल तर पुढचाच ब्रेक हवा. तोही हिसका न देता, आधी हलका घेऊन मग वाढवत नेलेला.

हे मला वाचून माहीत होतं. आरसी घेऊन नववा की दहावा दिवस असेल. पिरंगुटच्या अलीकडे, सकाळची वेळ, वेग पन्नासच्या आत. डावीकडच्या टपरीमागून कुत्रं आडवं आलं. माझा उजवा पाय पुढे गेला, जिथे थंडरबर्डचं पेडल असायचं तिथे. तिथे काहीच नव्हतं, बूट हवेत. आरसीचं पेडल मागे, माझ्या टाचेच्या रेषेत. पाय तिथे येईपर्यंत एक सेकंद तरी गेला असेल. ताशी पन्नासला एका सेकंदात गाडी जवळजवळ चौदा मीटर जाते. मग घाबरून पुढचा लिव्हर पूर्ण आवळला, एबीएस थरथरला आणि कुत्रं चाकापासून हातभर अंतरावरून निघून गेलं. मी कडेला गाडी लावून बराच वेळ नुसता बसून होतो. बारा वर्षांच्या अनुभवानेच माझा पाय चुकीच्या जागी नेला होता. अगदी नवशिका असतो, तर पायाला ती जागा माहीतच नसती.

वळणांचंही तेच. क्रूझर फार झुकत नाही, फूटरेस्ट लवकर रस्त्याला घासायला लागतात, म्हणून आपण वळणाआधी वेग उतरवतो आणि गोल-गोल जातो. वळणात थ्रॉटल (अ‍ॅक्सिलरेटर) एकदम सोडला तरी इंजिनातल्या जड फ्लायव्हीलमुळे गाडी आरामात मंदावते. स्पोर्ट्स बाईकवर वळणाच्या मध्यात थ्रॉटल फट्‌कन सोडला, की भार पुढे आदळतो आणि गाडी आपली रेषा सोडते. ताम्हिणी घाटात उताराच्या वळणावर हे झालं, तर समोरून येणाऱ्या टेम्पोच्या लेनमध्ये आपण असतो.

"तीनशे-चारशे म्हणजे खाली उतरणं"

बुलेटवाल्यांच्या मनात सीसी म्हणजे मान. त्यामुळे साडेतीनशेवरून तीनशेवर यायचं म्हणजे कमीपणा वाटतो. पण सीसी म्हणजे सिलिंडरचं आकारमान, त्यातून ताकद किती निघते आणि ती किती वजन ओढते हा वेगळा प्रश्न आहे. रॉयल एनफिल्डची क्रूझर मीटिओर ३५० साधारण २० बीएचपीची (बीएचपी हे इंजिनच्या ताकदीचं माप) आणि १९१ किलोची. म्हणजे शंभर किलोमागे साडेदहा बीएचपी. यामाहाची आर१५ फक्त १५५ सीसीची, पण तिची ताकद १८ बीएचपी आणि वजन १४२ किलो, म्हणजे शंभर किलोमागे पावणेतेरा. जिला आपण 'कॉलेजच्या पोरांची गाडी' म्हणतो, ती इथेच मीटिओरच्या पुढे गेली. आरसी ३९० ची ताकद ४३ बीएचपी आणि वजन १७२ किलो. शंभर किलोमागे २५, म्हणजे मीटिओरच्या जवळजवळ अडीचपट. आता वर चढा. कावासाकीची सहाशेच्या वर्गातली झेडएक्स-६आर शंभर किलोमागे साठच्या वर. हजार सीसीची झेडएक्स-१०आर ९५ च्या आसपास, म्हणजे मीटिओरच्या नऊपट.

अडीचपट हीच खूप मोठी उडी आहे. ती खाली उतरणं आहे असं म्हणणाऱ्याने बहुधा ती गाडी फक्त पार्किंगमध्ये पाहिलेली असते.

यातच एक गैरसमज तयार होतो, तोही सांगितला पाहिजे. बुलेटवाला आरसी किंवा यामाहाच्या आर३ ची टेस्ट राइड घेतो आणि म्हणतो, "पिकअपच नाही." कारण तो साडेतीन हजार आरपीएमला (इंजिनच्या मिनिटाला साडेतीन हजार फेऱ्यांना) गिअर बदलतो. क्रूझरची सगळी ओढ चार हजारांच्या आसपास असते, म्हणून हाताला तीच सवय. या गाड्यांचं इंजिन सात हजारांपुढे जागं होतं. पहिल्या महिन्यात सहा हजारांचा आवाज ऐकूनच मला वाटायचं, इंजिन फुटणार. गिअर खाली ठेवून काटा वर जाऊ द्यायला शिकलो, तेव्हा कळलं की गाडीला खरंच कुठे जायचंय. हजार सीसीच्या गाडीवर हे शिकायला मिळत नाही, कारण तिथे काटा वर जाईपर्यंत रस्ता संपलेला असतो.

"पॉवर आपल्या मनगटात असते"

हे वाक्य सगळ्यात धोक्याचं, कारण ऐकायला पटतं. हळू चालवायचं ठरवलं की झालं.

माणूस घाबरला की मूठ आवळतो. खड्ड्यातून गाडी उसळली, शरीर मागे गेलं, की मुठीसकट थ्रॉटल फिरतो. क्रूझरवर तो अर्धा इंच फिरला तर गाडी एक हुंकार देते, एवढंच. दोनशे बीएचपीवर तेवढ्यात पुढचं चाक हवेत जाऊ शकतं. तुम्ही शांत असता तेव्हा पॉवर मनगटात असते, ते कबूल. पण हळू चालवायचा निश्चय शांतपणी केलेला असतो आणि चूक घाईत होते.

शिवाय हळू म्हणजे किती? हजार सीसीची सुपरबाईक पहिल्याच गिअरमध्ये ताशी १३० च्या पुढे जाते. आपल्याकडे चौपदरी महामार्गावर दुचाकीला वेगमर्यादा ताशी ८०. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकीला बंदी, समृद्धी महामार्गावरही बंदी. म्हणजे उरलेल्या रस्त्यांवर तुम्ही तिचा पहिला गिअरसुद्धा पूर्ण वापरणार नाही. जी गाडी कधी ताणताच येत नाही, तिच्यावर ब्रेक, झुकाव, गिअर यांतलं काय शिकणार?

युरोपात हे मनगटावर सोडलेलं नाही. तिथे मधल्या टप्प्याचा ए२ परवाना असतो, ३५ किलोवॅटपर्यंत, म्हणजे साधारण ४७ बीएचपी. आपल्याकडे गिअरवाल्या दुचाकीचा एकच परवाना, त्यावर स्प्लेंडरही चालते आणि हायाबुसाही. कायदा आपल्याला थांबवत नाही, म्हणून ती पायरी आपणच घ्यायची. आणि त्या ४७ च्या मर्यादेत बसणाऱ्या चांगल्या गाड्या आपल्या दाराशी बनतात. आरसी ३९० चाकणला, एप्रिलियाची आरएस ४५७ बारामतीला.

"आता इलेक्ट्रॉनिक्स असतं"

१२५ सीसीवरच्या प्रत्येक नव्या गाडीला एप्रिल २०१९ पासून एबीएस बंधनकारक आहे, आणि २०२२ च्या आरसी ३९० ला वळणात चालणारं एबीएसही आहे. त्यासाठी मोठी गाडी घ्यायची गरज नाही. आणि वळणात वेगच जास्त झाला असेल, पुढे खडी पसरलेली असेल, तर कुठलंच सेन्सर रस्ता रुंद करून देत नाही.

"सहा महिन्यांत कंटाळशील, पैसे जातील"

इथे थोडं तथ्य आहे. सहा फुटी, नव्वद किलोच्या माणसाने आर१५ घेतली, तर तो खरंच अवघडेल आणि कंटाळेल. म्हणून मी सगळ्यांना सगळ्यात छोटी घ्या म्हणत नाही. ३५ ते ४८ बीएचपीच्या पट्ट्यात बसा: अपाची आरआर ३१०, निंजा ३००, आर३, आरसी ३९०, आरएस ४५७.

पैशांचं म्हणाल, तर जुनी घ्या. स्पोर्ट्स बाईक पहिल्या वर्षात एकदा तरी पडते. बहुतेक वेळा उभ्याउभ्या, पार्किंगमध्ये. क्रूझरचा लेगगार्ड घासतो आणि गोष्ट संपते. इथे फेअरिंग (बाहेरचं प्लास्टिकचं आवरण) फुटतं, लिव्हर वाकतो, आरसा जातो. चार लाखांच्या गाडीवरही ते झोंबतं. सोळा लाखांच्या गाडीवर पहिला ओरखडा आला की माणूस ती बाहेर काढायलाच घाबरतो, आणि मग शिकणं राहतं बाजूला.

घ्यायच्या आधी शोरूमच्या गल्लीत एक चक्कर मारून समाधान मानू नका. निदान अर्धा तास मागा. त्यात सरळ रस्त्यापेक्षा यू-टर्न जास्त घ्या. या गाड्यांचं हँडल फार वळत नाही, पूर्ण वळवलं की काहींवर अंगठा टाकीला चेमटतो. वीस मिनिटांनी मनगटं दुखायला लागली, तर तुम्ही हँडलवर लटकताय. गुडघ्यांनी टाकी घट्ट धरा, कोपरं सैल सोडा आणि पुन्हा बघा. तरीही दुखत असेल, तर ज्यांचं हँडल जरा वर आहे अशा आरआर ३१० किंवा आरएस ४५७ वर बसून पाहा. चाळिशीतल्या मानेला आणि कमरेला तो दोन-तीन इंचांचा फरक कळतो.

आणि गाडी घरी आली की पहिले पंधरा दिवस, रोज सकाळी, मोकळ्या मैदानावर किंवा बंद रस्त्यावर, ताशी चाळीसवरून फक्त पुढच्या ब्रेकने थांबायचा सराव करा. मी तो कुत्र्याच्या प्रसंगानंतर सुरू केला. माझा पाय पुढे जायचा थांबायला सातशे किलोमीटर लागले.