मुंज आणि अडकित्ता

"शूटिंगवाल्याला घरच्या पंगतीत बसवू नका, त्यांचं पान शेवटी वाढायचं असतं." हे माझ्या देखत, माझ्याबद्दल बोललं गेलं आणि माझ्याच कॅमेऱ्याने ते टिपलं. मी बटूचा काका लागतो. चुलत का असेना, पण अंगात ठेवणीतला झब्बा होता आणि खिशात आहेराचं पाकीट. परवा चुलतभावाच्या दिवाणखान्यात हे सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं, तेव्हा वहिनी इतक्या हसल्या की त्यांनी ते वाक्य पुन्हा मागे घेऊन लावायला लावलं.

मुळात हे काम माझ्या गळ्यात पडलं ते "तू आहेस की" या तीन शब्दांनी. घरात कॅमेरावाला आहे म्हटल्यावर बाहेरचा माणूस कशाला बोलवायचा? वाचलेल्या पैशांत चुलतभावाने आइस्क्रीमचे दोन प्रकार ठेवले. त्यातला एकही मला मिळाला नाही.

माझा कॅमकॉर्डर तळहातात मावतो. बाजूला उघडणारी छोटी स्क्रीन, मनगटाला पट्टा, पोटात मेमरी कार्ड. घेतला तेव्हा याचंच कौतुक होतं. आधीच्या मिनी डीव्हीची, म्हणजे छोट्या कॅसेटवाल्या कॅमेऱ्याची, टेप साठ मिनिटांची, आणि कंप्युटरवर उतरवायला पुन्हा तितकीच साठ. म्हणजे लोकांची लग्नं दोनदा भोगायची. २००६ मध्ये दोन जपानी कंपन्यांनी एव्हीसीएचडी ही व्हिडिओ साठवायची नवी पद्धत काढली आणि १९२० बाय १०८०चं, म्हणजे फुल एचडी, चित्र कार्डावर बसायला लागलं. बत्तीस जीबीत चांगल्या दर्जाचं साधारण चार तास मावतं. टेप अडकत नाही, घरघर नाही.

पण कार्यालयात लहान वस्तूला मान नाही. खांद्यावर धूड आणि मागे हॅलोजन धरलेला पोरगा असला की गुरुजीसुद्धा आहुती टाकताना हात जरा हवेत धरतात. मला म्हणाले, "तुम्ही उजेड अडवताय, मागे सरा."

मागे तर मला सरायचंच होतं. या छोट्या कॅमेऱ्यांची झूम लांबवर जाते, पण रुंदीच्या बाजूला हात आखडता. जवळून काढायला गेलं की बटू येतो आणि आईबाप कापले जातात. सगळे मावेपर्यंत मी मागे मागे गेलो आणि हॉलच्या शेवटच्या खांबाला टेकलो. तिथे अण्णा बसलेले होते.

अण्णा म्हणजे वहिनींच्या आत्याचे यजमान, हे मला परवा कळलं. त्या दिवशी मला दिसला तो पांढरा सफारी, मांडीवर पानाचा डबा आणि हातात पितळी अडकित्ता. मी ट्रायपॉड उभा केला, झूम करून बटूचा चेहरा पकडला, आणि अण्णांनी ट्रायपॉडच्या दांड्याला आपली पिशवी अडकवली.

"काका, पिशवी..."

"राहू दे, जड नाहीये. किती घेता तुम्ही?"

"मी घरचाच आहे."

"घरगुती का? मग स्वस्तात करत असाल."

पिशवीत चुना होता. तो लागला की अण्णा पिशवीत हात घालत आणि तिकडे पडद्यावर बटू, बाप, अंतरपाट आणि गुरुजी भूकंप झाल्यासारखे हलत. कॅमेऱ्यात ऑप्टिकल स्टॅबिलायझर आहे आणि हाताची थरथर तो छान सांभाळतो. पण अण्णांची पिशवी त्याच्या अभ्यासक्रमात नव्हती.

याहून मोठी गोची आवाजाची. झूम चित्र जवळ आणते, आवाज जिथल्या तिथेच राहतो. माईक लेन्सखाली, आणि अण्णा माईकपासून हातभर. त्यामुळे मंगलाष्टका शेजारच्या गल्लीत चालल्यासारख्या येतात, आणि अडकित्त्याचा प्रत्येक 'कट्ट' मात्र खणखणीत स्टिरिओत. 'सावधान'च्या बरोबर वर एक सुपारी फुटते. वेगळा माईक लावावा म्हणाल, तर तो लावायचं भोकच या मॉडेलला दिलेलं नाही.

वर अण्णांचं समालोचन. बटूचे कान आजोळच्या बाजूचे आहेत. गुरुजींना घाई झालीये, त्यांना पुढे वास्तुशांत आहे. मसालेभात कालचा नसावा, पण वासावरून खात्री नाही. आणि मग मी, माझं पान आणि माझी पंगत.

चित्राबद्दल टीव्हीसमोर कोणी चकार शब्द काढला नाही. फक्त चुलतभाऊ म्हणाला, "काळपट आणि दाणेदार का आलंय?" यातला सेन्सर भिजवलेल्या साबुदाण्याएवढा असतो. भर उन्हात तो झकास काम करतो. ट्यूबलाइटच्या हॉलमध्ये पडदे ओढून मुंज लावली तर बिचारा कुठून प्रकाश आणणार? भिक्षावळ बाहेर अंगणात झाली, तेव्हाचं चित्र बघा म्हटलं. बटूच्या लंगोटीचा धागा न् धागा दिसतो. तोवर मंडळी चहाला उठली होती.

"फोनवर बरं येतं हल्ली," असं एका भाचीने सुचवलं. येतं ना! तिच्याच फोनची जागा उपदेशाच्या वेळी संपली आणि ती जुने फोटो उडवत बसली होती. दुसऱ्या भाच्याचा मोठा कॅमेरा एकोणतीस मिनिटं एकोणसाठ सेकंदांनी आपोआप बंद पडला. युरोपात व्हिडिओ कॅमेऱ्यावर आयात कर जास्त होता. त्यातून सुटायला कंपन्यांनी फोटोच्या कॅमेऱ्यांना अर्ध्या तासाच्या आत थांबायला शिकवलं. तिकडच्या करापायी इकडचा बटू अर्धा राहिला. माझा कॅमकॉर्डर एकदाही थांबला नाही. पण चालू राहणाऱ्याचं कौतुक कोण करतो? बंद पडलेल्या कॅमेऱ्याच्या पोराला मात्र "दमला असशील" म्हणून सरबत दिलं.

तर मंडळी चहा घेऊन परत आली ती अण्णा ऐकायला. आता ते शेजाऱ्याला वहिनींच्या काकांच्या प्लॉटची हकीकत सांगत होते. वहिनींच्या आई खुर्चीच्या टोकावर सरकल्या.

"भावांना सांगितलं बावीस लाख," अण्णा म्हणाले. कट्ट. "पण खरे मिळाले..."

आणि टीव्हीचा पडदा काळा झाला. पुन्हा चित्र आलं तेव्हा अण्णा म्हणत होते, "...लाख, रोख. आता बोला!"

कार्डाची फाइल व्यवस्था चार जीबीपेक्षा मोठी फाइल ठेवूच शकत नाही. दर अर्ध्या तासाने कॅमेरा गुपचूप नवी फाइल सुरू करतो, आणि टीव्ही एकीवरून दुसरीवर जाताना उचकी घेतो. ती उचकी नेमकी आकड्यावर आली. हे मी समजावत होतो, पण ऐकतंय कोण?

"एवढं महत्त्वाचं ते नेमकं गाळलंस?" वहिनींच्या आई म्हणाल्या. चुलतभाऊ म्हणाला, "बाहेरचा माणूस लावला असता तर परवडलं असतं." ज्याच्या मुंजीसाठी मी खांबाला टेकून उभा राहिलो, तो बटू म्हणाला, "काका, पुढच्या वेळी चांगला कॅमेरा आणा." पुढच्या वेळी म्हणजे कधी, कोणाला ठाऊक!

कॅमेऱ्याबरोबर आलेल्या सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही फाइली नीट जोडल्या की मधला शब्दही जात नाही. कार्डात तो आहेच, फक्त टीव्हीला दिसत नाही. रात्री घरी येऊन मी त्या जोडल्या, हेडफोन लावले आणि आकडा स्वच्छ ऐकला. त्यानंतर वहिनींचा फोन आला, मग त्यांच्या आईचा, मग पुन्हा वहिनींचा. काही करता येईल का, भावजी?

मी सांगितलं, शूटिंगवाल्याला विचारून बघतो.