दहा लाख पौंडांची खेळाडू आणि बाकीच्या पाचशे जणी

जुलै २०२५ मध्ये आर्सेनल या इंग्लिश क्लबने लिव्हरपूल क्लबच्या ऑलिव्हिया स्मिथला १० लाख पौंड मोजून घेतलं. महिला फुटबॉलमध्ये हा आकडा पहिल्यांदाच गाठला गेला. त्याच महिन्याच्या २७ तारखेला बाझलमध्ये इंग्लंडच्या मुलींनी स्पेनला पेनल्टीवर हरवून युरो कप राखला. तेव्हापासून एक मजकूर या ना त्या रूपात फिरतोय. त्याचा मथितार्थ असा: इंग्लंडमध्ये मुलगी व्यावसायिक फुटबॉलपटू झाली की ददात मिटली, खेळ नवा असूनही पैसा कोटींत आहे, मोठ्या क्लबची पाठराखण असल्याने नोकरी पक्की आहे, अडचण एवढीच की बायकांचे गुडघे टिकत नाहीत आणि मूल झालं की खेळ संपतो, आणि आपल्या मुलींनी नुसती ट्रायल दिली तरी तिथलं दार उघडेल.

यातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य चुकीचं आहे, आणि काही वाक्यं नुकसान करणारी आहेत. म्हणून एकेक घेऊ.

‘तिला दहा लाख पौंड मिळाले’

नाही. ट्रान्सफर फी एका क्लबच्या खात्यातून दुसऱ्या क्लबच्या खात्यात जाते. लिव्हरपूलने वर्षभरापूर्वी स्मिथला लिस्बनच्या स्पोर्टिंग क्लबकडून सुमारे २ लाख पौंडांत आणलं होतं. मधला फरक लिव्हरपूलचा नफा. खेळाडूच्या हाती येतो तो करारातला पगार, सही करताना ठरलेली रक्कम, सामने आणि गोल यांवरचे बोनस, आणि नावाजलेली असेल तर बुटांच्या कंपनीचा करार.

बहुतेक जणींसाठी तर ट्रान्सफर फी हा शब्दच येत नाही. करार एक-दोन वर्षांचे असतात आणि ३० जूनला संपतात. करार संपलेली खेळाडू फुकट दुसरीकडे जाते. न गेल्यास १ जुलैपासून ती बेरोजगार असते, आणि प्री-सीझनचा सराव स्वतःच्या खर्चाने करत फोनची वाट पाहते.

पगाराचा अंदाज हवा असेल तर बीबीसीने २०२२ साली क्लबांच्या हिशेबांवरून काढलेली सरासरी घ्या: विमेन्स सुपर लीगमध्ये, म्हणजे इंग्लंडमधल्या महिलांच्या सर्वांत वरच्या स्तरावर, वर्षाला ४७ हजार पौंड. आजच्या दराने पहिल्या १२,५७० पौंडांवर आयकर नाही, उरलेल्यावर २० टक्के, शिवाय ८ टक्के नॅशनल इन्शुरन्स, म्हणजे सामाजिक सुरक्षेसाठीची पगारातली कपात. हातात महिन्याला ३,१०० पौंडांच्या आसपास राहतात, आणि त्यातून लंडन किंवा मँचेस्टरचं घरभाडं जातं. पगार बरा आहे, पण तिशी-पस्तिशीत संपणाऱ्या नोकरीचा आहे. शिवाय ही सरासरी वरच्या मोजक्या तारकांनी ओढून वर नेलेली. खालच्या टोकाच्या मुलींचे आकडे याच्या निम्म्याहून कमी होते. त्यानंतर पगार वाढले हे खरं, आणि २०२५-२६ पासून वरच्या दोन्ही स्तरांवर किमान वेतनही लागू झालं. पण किमान वेतन आणावं लागलं, यातच आधीची अवस्था कळते.

‘सगळ्या पूर्णवेळ व्यावसायिक आहेत’

२०२५-२६ च्या हंगामात सुपर लीगमध्ये १२ आणि दुसऱ्या स्तरावर १२ असे २४ क्लब आहेत. एका संघात २०-२५ खेळाडू धरल्या तर सगळ्या मिळून पाचशे-साडेपाचशे जणी होतात. तिसऱ्या स्तरापासून खाली बहुतेक जणी नोकरी किंवा कॉलेज सांभाळून आठवड्यातल्या दोन-तीन संध्याकाळी सराव करतात.

‘पूर्णवेळ’ हा शब्दही नीट तपासायला हवा. सुपर लीग २०११ मध्ये ८ संघांनी सुरू झाली तेव्हा एका क्लबला फक्त ४ खेळाडूंना वर्षाला २० हजार पौंडांपेक्षा जास्त देता येत होतं. त्याआधी, २००९ मध्ये, फुटबॉल असोसिएशनने (इंग्लंडमधल्या फुटबॉलची नियामक संस्था, म्हणजेच एफए) राष्ट्रीय संघातल्या खेळाडूंना केंद्रीय करार दिले ते १६ हजार पौंडांचे. सुपर लीग पूर्ण व्यावसायिक झाली २०१८-१९ मध्ये, आणि लीगमध्ये खेळण्यासाठी क्लबला जो परवाना लागतो, त्याची तेव्हाची अट होती आठवड्याला किमान १६ तासांचा सराव आणि वर सामना. पुढे ते २० तास झाले. दुसऱ्या स्तरासाठी अट ८ तासांची होती. म्हणजे आज तिशीत असलेली खेळाडू अर्धवेळ युगात मोठी झाली, आणि तिच्या कारकिर्दीतली पूर्ण पगाराची वर्षं बोटांवर मोजण्याइतकी आहेत.

‘खेळच नवा, त्याला वेळ लागणारच’

२६ डिसेंबर १९२० रोजी लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर ‘डिक, कर लेडीज’ विरुद्ध ‘सेंट हेलन्स’ हा महिला संघांचा सामना पाहायला ५३ हजार लोक आले होते. पुढच्याच वर्षी, ५ डिसेंबर १९२१ ला, फुटबॉल असोसिएशनने आपल्या क्लबांची मैदानं बायकांना द्यायची नाहीत असा ठराव केला. ही बंदी सुमारे पन्नास वर्षं टिकली. खेळ नवा नव्हता. भरात असताना तो मैदानाबाहेर काढला गेला. आजच्या कमी पगारांचं एक मूळ तिथे आहे, कारण पुरुषांच्या क्लबांनी तिकीटविक्री, स्टँड आणि पिढ्यान्‌पिढ्यांचे प्रेक्षक जमवले ते नेमके या पन्नास वर्षांत.

‘मोठा क्लब पाठीशी आहे, नोकरी पक्की’

हा दावा सर्वांत धोक्याचा आहे, कारण मुली आणि पालक याच भरवशावर शिक्षण अर्धवट सोडायचा विचार करतात.

पुरुषांच्या क्लबच्या ताळेबंदात महिला संघ बहुतेक ठिकाणी तोट्याचं खातं असतो. मालक बदलला किंवा पुरुषांचा संघ खालच्या लीगमध्ये घसरला की पहिली कात्री तिथे लागते, आणि मैदानावरची कामगिरी कितीही चांगली असली तरी ती वाचवत नाही.

फुलहॅमने २००० साली महिलांचा पूर्णवेळ व्यावसायिक संघ उभा केला, रेचेल यँकीसारख्या खेळाडू घेतल्या आणि २००३ मध्ये तो पुन्हा अर्धवेळ केला. नॉट्स काउंटीच्या नव्या मालकाने एप्रिल २०१७ मध्ये हंगाम अगदी तोंडावर असताना महिला संघ बंद केला. खेळाडूंची नोकरी गेली, काहींचं राहतं घरही गेलं, कारण घर करारासोबत आलेलं होतं. डॉनकॅस्टर रोव्हर्स बेल्सने २०१७-१८ मध्ये दुसऱ्या स्तराची लीग जिंकली आणि पैशाअभावी त्याच उन्हाळ्यात तो स्तर सोडला. सँडरलंडमधून ल्युसी ब्रॉन्झ, स्टेफ हॉटन, जिल स्कॉट आणि बेथ मीड या इंग्लंडच्या खेळाडू घडल्या. त्या क्लबला २०१८ मध्ये वरच्या दोन्ही स्तरांचा परवाना मिळाला नाही आणि तो थेट तिसऱ्या स्तरावर गेला.

कॉव्हेंट्री युनायटेडच्या मुली २०२१ च्या उन्हाळ्यात पूर्णवेळ झाल्या होत्या. नोकऱ्या सोडून आलेल्या या खेळाडूंना २३ डिसेंबरला, ख्रिसमसच्या दोन दिवस आधी, करार संपल्याचं सांगण्यात आलं. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात खरेदीदार मिळाला म्हणून संघ वाचला. रेडिंग २०२३ पर्यंत सुपर लीगमध्ये होतं. २०२४ मध्ये ते पाचव्या स्तरावर गेलं. ब्लॅकबर्न रोव्हर्सने २०२५ मध्ये दुसऱ्या स्तराचा परवाना सोडला.

याचं कारण पैशाच्या रचनेत आहे. २०२५-२६ पासूनचा प्रक्षेपणाचा करार ५ वर्षांचा आणि ६ कोटी ५० लाख पौंडांचा आहे, म्हणजे वर्षाला १ कोटी ३० लाख. आधीच्यापेक्षा तो बराच मोठा आहे. तरी २४ क्लबांत विभागला तर त्यावर एकट्याने पूर्णवेळ संघ, डॉक्टर, फिजिओ, मैदान, प्रवास हे सगळं उभं राहत नाही. उरलेली रक्कम मालक घालतो. मालकाने हात आखडता घेतला की काय होतं, ते वर दिसलंच.

म्हणून करार वाचताना पगाराच्या आकड्याआधी चार गोष्टी पाहाव्यात. मुदत किती आणि मुदतवाढीचा हक्क फक्त क्लबकडे आहे का. संघ खालच्या स्तरावर गेला तर पगार किती कापला जाणार. दुखापतीत पूर्ण पगार किती आठवडे मिळणार. आणि घर किंवा गाडी कराराला बांधलेली असेल, तर करार संपल्यावर ती किती दिवसांत सोडायची. शेवटचा मुद्दा क्षुल्लक वाटतो. नॉट्स काउंटीच्या मुलींना तो क्षुल्लक नव्हता.

‘बायकांचे गुडघे मुळातच कमकुवत’

नोव्हेंबर २०२२ ते मे २०२३ या सात महिन्यांत एकट्या आर्सेनलच्या चौघींचं एसीएल, म्हणजे गुडघ्याच्या आतलं पुढचं लिगामेंट, फाटलं: बेथ मीड, व्हिव्हियाने मीडेमा, लिया विल्यमसन, लॉरा विनरॉयटर. इंग्लंडची कर्णधार विल्यमसन त्यामुळे २०२३ च्या विश्वचषकाला मुकली. ऑक्टोबर २०२५ मध्ये इंग्लंडची १९ वर्षांची मिशेल अज्येमांगही त्याच दुखापतीने बाहेर गेली.

महिला खेळाडूंमध्ये ही दुखापत पुरुषांपेक्षा काही पटींनी जास्त होते, हे खरं. पण बहुतेक वेळा ती धक्क्याने होत नाही. धावता धावता झटकन दिशा बदलताना, अचानक थांबताना किंवा उडी मारून एका पायावर उतरताना गुडघा आत कलतो आणि मांडीच्या मागच्या स्नायूने वेळेत आवरलं नाही तर लिगामेंटवर ताण येतो. हे आवरणं शिकवता येतं, आणि मुद्दा तिथेच आहे. मोठ्या क्लबांच्या अकादमीतल्या मुलग्यांना उतरायचं कसं, वळायचं कसं आणि ताकदीचा व्यायाम हे सगळं लहानपणापासून मिळत आलं. अनेक मुलींच्या वाट्याला व्यवस्थित जिम सोळा-सतराव्या वर्षी येते. मग एका उन्हाळ्यात त्या तीन संध्याकाळच्या सरावावरून पाच दिवसांच्या सरावावर जातात. त्यात बूट बहुतांशी पुरुषांच्या पायाच्या साच्यावर बनलेले, मैदानं दुय्यम दर्जाची, आणि आघाडीच्या खेळाडूंना २०२२ चा युरो आणि २०२३ चा विश्वचषक यांच्यामध्ये धड विश्रांती नाही. हे सगळं शरीरावर ढकलून दिलं की कुणालाच काही बदलावं लागत नाही. एफआयएफप्रो ही खेळाडूंची जागतिक संघटना, इंग्लंडची खेळाडू संघटना, नायके आणि लीड्स बेकेट विद्यापीठ यांनी २०२४ मध्ये सुपर लीगच्या क्लबांसोबत जो प्रकल्प सुरू केला, तो याच परिस्थितीचा अभ्यास करतो.

गावातल्या क्लबलाही करता येण्याजोगा उपाय आहे: ‘इलेव्हन प्लस’ हा वॉर्म-अप. साधारण २० मिनिटं लागतात. आधी ८ मिनिटं हळू धावणं आणि वळणं, मग १० मिनिटं ताकद, तोल आणि उड्या, शेवटी २ मिनिटं वेगात धावून दिशा बदलणं. आठवड्यातून किमान दोनदा, वर्षभर. प्रशिक्षक घाईत मधली १० मिनिटं गाळतात, आणि गुडघा वाचवणारी तीच असतात.

लिगामेंट फाटलंच तर मांडीच्या मागचा किंवा गुडघ्याच्या वाटीखालचा कंडरा घेऊन नवं बसवतात. शस्त्रक्रियेआधी सूज उतरलेली आणि पाय पूर्ण सरळ होत असलेला हवा. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात सरळ धावणं, सहाव्याच्या सुमाराला वळणं. नऊ महिन्यांच्या आत सामना खेळू नये. घाई केली तर पुन्हा फाटण्याचा धोका चांगलाच वाढतो. तारखेपेक्षा चाचणी महत्त्वाची: जखमी पायाची ताकद आणि एका पायावरची उडी चांगल्या पायाच्या किमान ९० टक्के यायला हवी. आता हे एक वर्षाच्या कराराशी जोडून पाहा. सप्टेंबरमध्ये गुडघा गेलेली मुलगी मैदानावर परतते तोवर तिचा करार संपत आलेला असतो, आणि नव्या क्लबला दाखवायला तिच्याकडे एकही सामना नसतो.

‘मूल झालं की कारकीर्द संपली’

पूर्वी तसं घडवलं जात असे. केटी चॅपमनला तिसऱ्या मुलाच्या जन्मानंतर इंग्लंडचा केंद्रीय करार मिळाला नाही. तीच चॅपमन २०१५ मध्ये विश्वचषकात कांस्यपदक जिंकणाऱ्या संघात होती आणि त्याच वर्षी चेल्सीची कर्णधार म्हणून तिने लीग आणि एफए कप दोन्ही उचलले. २०२२-२३ च्या हंगामापासून वरच्या दोन स्तरांवरच्या खेळाडूंना बाळंतपणाच्या रजेचे पहिले १४ आठवडे पूर्ण पगार मिळतो, आणि त्यासाठी क्लबमध्ये आधी अमुक काळ काढलेला असण्याची अट नाही. ही अट जाणं फार मोलाचं होतं, कारण दर एक-दोन वर्षांनी क्लब बदलणाऱ्या खेळाडूला २६ आठवड्यांची जुनी अट सहज आडवी येत असे. चेल्सीची मेलानी लोयपोल्झ बाळंतपणानंतर त्याच हंगामात मैदानावर परतली.

‘ट्रायल दिली की दार उघडतं’

आपल्याकडच्या पालकांसाठी हा मुद्दा सर्वांत निकडीचा आहे. ब्रेक्झिटनंतर इंग्लिश क्लब परदेशातून १८ वर्षांखालच्या खेळाडूला आणू शकत नाही. त्यापुढच्या परदेशी खेळाडूला फुटबॉल असोसिएशनची मान्यता लागते आणि ती गुणांवर मिळते: राष्ट्रीय संघाच्या किती टक्के सामन्यांत ती खेळली, तिच्या देशाचं मानांकन काय, आधीची लीग कोणत्या दर्जाची. ट्रायलमध्ये मारलेल्या गोलांना यात गुण नाहीत. शिक्षणासाठी जाऊन खेळणं हा वेगळा रस्ता आहे: गोलकीपर अदिती चौहान लफबरो विद्यापीठात शिकायला गेली आणि २०१५ मध्ये वेस्ट हॅमकडून तिसऱ्या स्तरावर खेळली. पण विद्यार्थी व्हिसावर व्यावसायिक खेळाडू म्हणून काम करता येत नाही, हे नीट लक्षात ठेवावं.

तेव्हा ‘इंग्लिश क्लबची ट्रायल’ म्हणून कुणी लाखभर रुपये मागत असेल, तर पैसे देण्याआधी तीन गोष्टी कराव्यात. त्या माणसाचं नाव फिफाच्या परवानाधारक एजंटांच्या यादीत आहे का ते फिफाच्या संकेतस्थळावर पाहावं. क्लबच्या अधिकृत पत्त्यावर स्वतः ईमेल करून बोलावणं खरं आहे का ते विचारावं. आणि मुलगी १८ वर्षांखालची असेल, तर क्लब तिला कोणत्या नियमाखाली नोंदवणार हे लेखी मागावं.