ज्यात माणसाचा हात दिसतो, ते मला हवं

यंदाचा, म्हणजे २०२५चा, सर्वांत चांगला व्हिडिओ गेम कुठला, यावर माझ्या लेखी वाद उरलेला नाही. ‘क्लेअर ऑब्सक्युर: एक्सपिडिशन ३३’. ११ डिसेंबरला ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये त्याने तब्बल ९ पुरस्कार नेले, गेम ऑफ द इयर धरून. फ्रान्समधल्या मोंपेलिये शहरातल्या सँडफॉल इंटरॲक्टिव्ह या स्टुडिओचा हा पहिलाच गेम. एप्रिलमध्ये आला, मी मे महिन्यात खेळले आणि तेव्हापासून भेटेल त्याला खेळायला सांगतेय.

कथा अशी, की समुद्रापलीकडे एक प्रचंड शिळा उभी आहे. एक चित्रकर्ती वर्षातून एकदा उठते, त्या शिळेवर एक आकडा रंगवते आणि त्या वयाची माणसं नाहीशी होतात. दर वर्षी आकडा एकाने खाली येतो. यंदा ३३. सुरुवातीलाच गुस्ताव आणि सोफी शहरातून बंदराकडे चालत जातात. जाणाऱ्यांच्या गळ्यात फुलांच्या माळा आहेत, रस्त्याकडेला घरातलं सामान मांडून ठेवलंय, ज्याला हवं त्याने न्यावं. दोघंही साध्यासुध्या गप्पा मारतात, कारण दुसरं काय बोलणार? आणि मग धक्क्यावर ती त्याच्या हातातच पाकळ्या होऊन विरते. मोहीम अजून सुरूही झालेली नसते आणि आपल्या घशात आवंढा येतो.

लढाया पाळीपाळीने होतात, पण शत्रूचा वार नेमक्या क्षणी अडवावा लागतो. प्रत्येक शत्रूची चाल वेगळी. कुणी हात उगारून मध्येच थांबतो, कुणी तीन घाव भरभर घालून चौथा मुद्दाम उशिरा घालतो. चवथीच्या आरतीला घुमट हे मातीचं वाद्य वाजवायला बसलेल्या माणसाला जसं डोळे मिटूनही सम कुठे येणार ते कळतं, तसं हळूहळू बोटांना कळायला लागतं. आणि संगीत! लोरियाँ तेस्तार या संगीतकाराचा हा पहिला गेम. त्याने इंटरनेटवर टाकलेल्या रचना ऐकून स्टुडिओने त्याला शोधून काढलं. यातली गाणी मी आजही स्वयंपाक करताना लावते.

तीसेक जणांनी हा गेम केला असं सगळीकडे लिहून येतं. ते पुरतं खरं नाही. गाभ्याची टीम तेवढी होती, पण ॲनिमेशनसाठी, चाचण्यांसाठी, आवाजांसाठी बाहेरची बरीच माणसं राबली. त्यांची नावं श्रेयनामावलीत आहेत, ती वाचावीत. छोट्या टीमचं कौतुक करताना त्या माणसांना पुसून टाकू नये.

याच गेमवरून डिसेंबरात जे झालं, त्याबद्दलही बोलायला हवं. छोट्या, स्वतंत्र स्टुडिओंच्या गेम्ससाठी असलेल्या इंडी गेम अवॉर्ड्सनी त्याला दिलेले दोन पुरस्कार परत घेतले, कारण गेम बनवताना काही ठिकाणी जनरेटिव्ह एआयने केलेली चित्रं तात्पुरती वापरली होती. ती गेम आल्यावर काही दिवसांतच बदलली गेली. माझ्या ओळखीतले बरेच जण पुरस्कारवाल्यांवर चिडले. मी मात्र पुरस्कारवाल्यांच्या बाजूने आहे. जनरेटिव्ह एआय चालणार नाही हा नियम आधीच ठरलेला होता आणि तो सर्वांत लाडक्या गेमलाही लागू झाला, यातच त्या नियमाची किंमत आहे. माझ्या दृष्टीने गेम अजूनही वर्षातला पहिला, आणि तरीही पुरस्कार परत घेतला ते योग्यच.

कारण मला स्वतःला या वर्षी हेच प्रकर्षाने जाणवलं. जिथे कुणीतरी बसून, खपून केलेलं दिसतं तिथे मी रमले. जिथे ते दिसलं नाही तिथे पैसे गेले तरी गेम अर्ध्यावर सोडून दिला.

‘किंगडम कम: डिलिव्हरन्स २’ घ्या. प्रागच्या वॉरहॉर्स स्टुडिओने १४०३ सालचा बोहेमिया, म्हणजे आजच्या चेक देशाचा भाग, उभा केलाय. नायक हेन्री हा लोहाराच्या घरातला. तुम्हाला तलवार हवी तर भट्टीवर उभं राहावं लागतं. भाता मारायचा, लोखंड लाल झालं की ऐरणीवर घ्यायचं, टोकापासून मुठीपर्यंत घाव सारखे पडले पाहिजेत, मग उलटवायचं, पुन्हा तापवायचं. हातोड्याची लय साधली की हेन्री शीळ घालायला लागतो. ती शीळ ऐकू यावी म्हणून मी गरज नसताना तलवारी घडवल्या आहेत. पुढे कुटेनबर्ग लागतं, म्हणजे आजचं कुटना होरा, चांदीच्या खाणींवर श्रीमंत झालेलं गाव. कोण मालक, कोण खाली उतरणार, कुणाच्या घरात पैसा येणार, हे सगळं गोव्याच्या खाणपट्ट्यातल्या, डिचोली-सत्तरीकडच्या माणसाला समजावून सांगायला लागत नाही. आणि हा गेम चेक भाषेत, पूर्ण आवाजांसह खेळता येतो. चेक बोलणारी माणसं जगात कोटभराच्या आसपास. आपण मराठी बोलणारे आठ कोटींहून जास्त.

पुण्याच्या नॉडिंग हेड्सने २०२० मध्ये ‘राजी’ हा गेम काढला तेव्हा मला फार आनंद झाला होता. पण तसं दुसरं नाव चटकन घेता येत नाही. गोव्याकडे तर सामग्री पडलेली आहे. डिचोलीतल्या साळ गावचा गड्यांचा उत्सव बघा. होळीच्या सुमारास रात्रीच्या काळोखात गडे, म्हणजे उत्सवाचे मानकरी, देवचाराच्या (गावच्या राखणदाराच्या) चुडींमागे, पेटत्या मशालींमागे, रानात धावतात, एखादा गडा हरवतो आणि बाकीचे त्याला शोधायला निघतात. अंधार, दूरवर हलणारी जाळाची खूण, हरवलेला सोबती. गेमसाठी याहून तयार कथानक कुठे मिळणार? दर नोव्हेंबरला पणजीत इफ्फीच्या, म्हणजे भारताच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या, वेळी सिनेमाचा बाजार भरतो, पटकथा घेऊन मुलं निर्मात्यांना भेटतात. त्याच मांडवात गेम करणाऱ्या चार पोरांना टेबल द्या. कोकणीत करा, मराठीत करा, दोन्हींत करा, पण करा.

बाकीचं थोडक्यात. ‘हॉलो नाइट: सिल्कसाँग’ ४ सप्टेंबरला आला तेव्हा ऑनलाइन दुकानंच बसली होती. ॲडिलेडच्या तिघांचं काम, २०१९ मध्ये जाहीर केलेलं. हाताने काढलेलं एकेक पान, एकेक किडा बघत राहावं असा. पण ‘लास्ट जज’ या बड्या शत्रूपाशी हरल्यावर प्रत्येक वेळी तेवढी वाट पुन्हा तुडवायला लावणं मला पटलं नाही. कठीण असावं, वेळ खाऊ नये. ‘स्प्लिट फिक्शन’ मात्र दोघांनीच खेळायचा. एकाने विकत घेतला की दुसऱ्याला फुकट. मस्कतला असलेल्या माझ्या आतेभावासोबत मी तो शुक्रवारी, त्याच्या सुट्टीच्या दिवशी खेळायचे. दोन लेखिका आणि त्यांच्या डोक्यातल्या कथा यंत्राने चोरू पाहणारी कंपनी, असा विषय. खेळून झाल्यावर आम्ही त्यावर जेवढं बोललो तेवढं घरच्या लग्नकार्यावरही बोललो नव्हतो.

आता सिनेमे. त्याआधी एक सांगते, ‘जीटीए ६’ या गेमची तारीख सध्या १९ नोव्हेंबर २०२६ आहे. दोनदा पुढे गेली. इफ्फी नेहमीसारखा २० तारखेला सुरू झाला तर मी आधी इफ्फीला जाणार.

यंदाच्या इफ्फीत ‘गोंधळ’साठी संतोष डावखर यांना सर्वोत्कृष्ट दिग्दर्शकाचा रौप्य मयूर मिळाला. वर्षाच्या सुरुवातीला रोहन कानवडे यांच्या ‘साबर बोंडं’ने सनडान्सला ग्रँड ज्युरी पारितोषिक घेतलं होतं. आणि सप्टेंबरात ‘दशावतार’. ८१ वर्षांचे दिलीप प्रभावळकर तोंडाला रंग लावून उभे राहतात आणि पडदा भरून जातो. ज्यांनी देवळामागच्या रंगपटात डोकावून पाहिलंय त्यांना हे दुप्पट भिडतं. दशावतारी नट आपलं तोंड आपणच रंगवतो. गुडघ्यावर आरसा, एका हातात काडी, भुवईची रेघ एका दमात ओढायची. बाजूला पेटारा, त्याला हात लावून नमस्कार. हातात लिहिलेली संहिता नसते, संवाद तिथल्या तिथे सुचतो. रावणाला काल गावच्या पंचायतीवर काय सुचलं होतं ते आज शेजारच्या गावात सुचणार नाही.

हे बघत वाढलेल्या माणसाला एआयचा हनुमान कसा चालावा? ‘चिरंजीवी हनुमान’ नावाचा पूर्ण एआयने केलेला सिनेमा २०२६ च्या हनुमान जयंतीला आणायचं जाहीर झालंय. अनुराग कश्यप आणि विक्रमादित्य मोटवाने यांनी त्यावर सडकून टीका केली ती अगदी बरोबर होती. मी तो बघणार नाही. ऑगस्टमध्ये ‘रांझणा’च्या तमिळ आवृत्तीचा शेवट एआयने बदलून ती पुन्हा थिएटरात लावली, दिग्दर्शक आनंद एल. राय आणि धनुष दोघांचा विरोध असताना. नटाच्या चेहऱ्याने, त्याला न विचारता, त्याने कधी न केलेला प्रसंग करून घ्यायचा? मला हा सरळसरळ गुन्हा वाटतो, कायदा काहीही म्हणो.

२०२६च्या दिवाळीला नितेश तिवारींचा ‘रामायण’ येतोय. रणबीर कपूर राम, साई पल्लवी सीता, यश रावण, संगीत ए. आर. रहमान आणि हान्स झिमर. दोन्ही भागांचा मिळून खर्च चार हजार कोटींवर, असं निर्माते सांगतात. माझी भिस्त साई पल्लवीवर आहे. ती गप्प असतानाही बरंच काही सांगून जाते. अशोकवनात कॅमेरा तिच्या चेहऱ्यावर दोन मिनिटं थांबला, तर सोन्याची लंका कशी दिसते याची मला फिकीर नाही.

त्याच वर्षी १७ जुलैला ख्रिस्तोफर नोलनचा ‘द ओडिसी’. अख्खा सिनेमा आयमॅक्सच्या फिल्म कॅमेऱ्यांवर चित्रित केलेला, असा हा पहिलाच. मॅट डेमन ओडिसियस. वर्षानुवर्षं समुद्रात भरकटणारा आणि घरी जायला तळमळणारा माणूस. बोटीवर माणूस गेलेलं घर गोव्यात दर वाड्यावर सापडेल, त्यामुळे मला त्याच्यापेक्षा मागे राहिलेल्या त्याच्या बायकोत, पेनेलोपीत, जास्त रस आहे. १८ डिसेंबरला ‘ड्यून’चा तिसरा भाग आणि ‘ॲव्हेंजर्स: डूम्सडे’ एकाच दिवशी. मी ‘ड्यून’ला जाणार. ज्याला लोकांनी देव केलं त्याच्यामुळे किती माणसं मेली, हे विचारायची हिंमत त्या कथेत आहे.

१ मेला रितेश देशमुख ‘राजा शिवाजी’ आणतोय. छायाचित्रण संतोष सिवन, संगीत अजय-अतुल. उत्सुकता आहे आणि एक इच्छाही आहे. महाराजांवरच्या सिनेमात लढाया भरपूर झाल्या. १६६८ मध्ये त्यांनी गोव्यातल्या नार्वेच्या सप्तकोटेश्वराच्या देवळाचा जीर्णोद्धार केला, तिथे आजही शिलालेख आहे. मोडलेलं देऊळ उभं करायला सांगणारा राजा कुणीतरी पाच मिनिटं का होईना दाखवावा. गोव्यातलं प्रेक्षागृह उभं राहील.

आणि सर्वांत जवळची तारीख १ जानेवारी २०२६. त्या दिवशी श्रीराम राघवन यांचा ‘इक्कीस’ लागतोय. १९७१ च्या बसंतरच्या लढाईत एकविसाव्या वर्षी धारातीर्थी पडलेल्या अरुण खेत्रपाल यांची गोष्ट, आणि त्यांच्या वडिलांच्या भूमिकेत धर्मेंद्र. २४ नोव्हेंबरला ते गेले. हा त्यांचा शेवटचा सिनेमा, तो मोठ्या पडद्यावरच बघायचा.

त्याच दिवशी हेमंत ढोमेचा ‘क्रांतिज्योती विद्यालय मराठी माध्यम’. बंद पडायला आलेली मराठी शाळा हा विषय. माझ्यासाठी हा आधी. २०११ ला शाळेत कोणत्या भाषेत शिकवायचं या माध्यमाच्या प्रश्नावर गोव्यात रस्त्यावर उतरलेली माणसं अजून आपल्यात आहेत आणि त्यानंतर किती मराठी प्राथमिक शाळांना कुलूप लागलं ते आपण पाहिलंय. आमच्याकडे मराठी सिनेमाला दिवसाला एखादाच खेळ देतात, तोही कामाच्या वेळेत, आणि गर्दी झाली नाही असं सांगून दुसऱ्या आठवड्यात काढतात. म्हणून पहिल्याच दिवशी जाणार आहे, सोबत शाळेतल्या दोन बाईंना घेऊन. फोंडा, डिचोली, पेडणे, जिथे कुठे खेळ लागलाय ते कमेंटमध्ये टाका, वेळेसकट. गाडीत दोन जागा रिकाम्या आहेत.