पोरं वयात आली? गप्प बसा!

घरात पोरगी बारातेरा वर्षांची झाली की पहिलं काम म्हणजे तिला काहीही सांगायचं नाही. पहिल्यांदा रक्त बघून आपल्याला कॅन्सर झाला असं तिला वाटलं तरी चालेल, एक दुपार रडेल, मग आजी आहेच की "कावळो शिवलो गो" म्हणायला. पॅड घ्यायला बाबांना बिलकुल पाठवू नका, आणि दुकानदार पेपरात गुंडाळून काळ्या पिशवीत घालेपर्यंत इकडंतिकडं बघत उभं राहा, जणू हातभट्टीच घेताय.

एरवी पाळी हा शब्द घरात नको, पण गणपतीत सगळं माफ! श्रावण लागला की कॅलेंडर काढा, चाकरमानी कधी येतायत, गौरी कधी, हिची तारीख कधी, सगळा हिशेब काकू-मावश्यांसमोर मोठ्यानं करा. तारीख आडवी येत असेल तर मेडिकलमधून पुढं ढकलायची गोळी आणा, चिठ्ठीबिठ्ठी कशाला, हार्मोनची असली म्हणून काय झालं, डॉक्टरकडे गेलात तर तो घरात कुणाला रक्ताच्या गुठळ्या झाल्या होत्या का, लिव्हरचं काही आहे का असलं विचारत बसणार आणि इथं मोदक कोण वळणार? शाळेत आठवड्याला मिळते ती लोहाची निळी गोळी मात्र खाऊ देऊ नका हां, मळमळतं म्हणे. शिवाय फुकटची.

मुलग्यांचं सोपं, त्यांना काही होतच नाही. झोपेत चड्डी ओली झालीच तर एसटी स्टँडच्या मुतारीत 'कमजोरी'वाल्याचा नंबर लिहिलेला असतो, तिथं पैसे घालून येईल. या वयात हे होतंच, आजार नाही, असं घरीच सांगून त्या बिचाऱ्याच्या पोटावर पाय का द्या?

दहावीला प्रजननाचा धडा आला की सर म्हणणार घरी वाचा, आपण म्हणायचं शाळेत विचार. सरकारी दवाखान्यात 10 ते 19 वयाच्या पोरांसाठी मैत्री क्लिनिक असतं, पैसे लागत नाहीत, समुपदेशक ऐकून घेतात, म्हणजे तर लांबच ठेवा. केसपेपरच्या रांगेत वाडीतलं कुणी भेटलं की संपलंच.

आणि कुणी म्हणालंच की पोरांशी बोलायला हवं, तर हे शहरातलं फॅड आहे म्हणून उडवून लावा. फक्त र. धों. कर्वे आपल्या दापोलीजवळच्या मुरूडचे, त्यांनी 1921 साली संततिनियमनाचं केंद्र काढलं, 1927 पासून मरेपर्यंत 'समाजस्वास्थ्य' चालवलं, अश्लील म्हणून कोर्टात खेचले गेले तरी थांबले नाहीत, एवढं कुणाला बोलू नका. मुरूडला पाहुणे आले की डॉल्फिन दाखवा.