मेलेल्या ब्राउझरचं सुतक आम्ही किती दिवस पाळायचं?

चार वाजून वीस मिनिटं. पाचला टेंडर बंद. समोर पांढरं पान, मधोमध करडी चौकट, आणि तिच्यात एक ओळ: आवश्यक प्लगइन आढळले नाही, इंटरनेट एक्सप्लोरर 11 वापरा.

प्लगइन म्हणजे ब्राउझरला वरून जोडायचा सॉफ्टवेअरचा तुकडा. पण कोणतं एक्सप्लोरर? 15 जून 2022 ला ज्याचा कारभार आटोपला, ते? विंडोज 11 मध्ये जे शोधूनही सापडत नाही, ते?

बाजूच्या खुर्चीत मजूर सोसायटीचे सचिव, काकाजी. सतरा किलोमीटर गाडी हाकत घाटंजीला माझ्याकडे ऑनलाइन टेंडर भरायला आलेले. कागद प्लास्टिकच्या पिशवीत, डीएससीचं, म्हणजे डिजिटल सहीचं, डोंगल शर्टाच्या आतल्या खिशात. नाला खोलीकरणाचं काम होतं, गावातल्या वीसेक माणसांना उन्हाळाभर मजुरी मिळाली असती. त्या माणसाने एक गोष्ट चुकवली नव्हती. बयाणा भरलेला, ठराव जोडलेला, दाखले स्कॅन केलेले. ‘होऊन जाईन ना भाऊ?’ तिसऱ्यांदा विचारलं त्यांनी, आणि माझ्याजवळ उत्तर नव्हतं.

मायक्रोसॉफ्टच्या नव्या एज ब्राउझरमध्ये जुन्या साइट एक्सप्लोररसारख्या उघडायचा एक्सप्लोरर मोड असतो; मागच्या टेंडरच्या वेळी त्याच्या यादीत ही साइट मीच टाकली होती. ती नोंद 30 दिवसांनी आपोआप निघून जाते. मला झाले होते 34. हे डोक्यात यायलाच दहा मिनिटं गेली. तो मोड म्हणजे जुनी साइट बदलेपर्यंतची तात्पुरती पायवाट आहे, पण साइटवाल्यांनी तिचाच हमरस्ता केला. पुन्हा नोंद टाकली, पान उघडलं, तर आता साइटला लागणारं जावा नावाचं सॉफ्टवेअर अडलं. 32 बिट की 64? आधी प्लगइनवालं जुनं जावा 8 शोधा, मग साइटचा पत्ता त्याच्या अपवादाच्या यादीत घाला, मग ब्राउझर बंद करून पुन्हा उघडा. चार बेचाळीस.

हेल्पलाइन लावली. पलीकडचा पोरगा शांतपणे सांगतो, ‘सर, अँटिव्हायरस बंद करा. फायरवॉल बंद करा. सिक्युरिटी एकदम लो ठेवा. मी फाइल पाठवतो, ती ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा.’

माझ्या कपाळाची शीर तटतटली. अरे, या मशीनवर अर्ध्या तालुक्याचे आधार कार्ड आहेत! पासबुकाचे स्कॅन आहेत, सातबारे आहेत, विधवा बायांच्या निराधार योजनेचे कागद आहेत. ॲक्टिव्हएक्स, म्हणजे एक्सप्लोररचं प्लगइन, एकदा आत घेतलं की ते मला जे जे करता येतं ते सगळं माझ्या नावाने करू शकतं. फाइल पुसू शकतं, फाइल बाहेर पाठवू शकतं. त्याच्यासाठी मी दारं-खिडक्या सताड उघडून बसू? एकीकडे सांगायचं, अनोळखी फाइल डाउनलोड करू नका. दुसरीकडे सरकारी काम भरायला नेमकं तेच करायला लावायचं. आणि उद्या एखाद्या म्हातारीच्या खात्यातून पैसे गेले तर ती विचारायला कोणाकडे येईल? हेल्पलाइनवर? ती माझ्याच दारात येईल.

नाही केलं बंद. पाच वाजले. पान तिथेच.

हे काही काल सुरू झालेलं नाही. क्रोमने जुने प्लगइन सप्टेंबर 2015 मध्ये पूर्ण काढून टाकले. फायरफॉक्सने मार्च 2017 मध्ये ॲनिमेशन-व्हिडिओचं फ्लॅश प्लगइन सोडून बाकीच्यांना दार लावलं. फ्लॅश 31 डिसेंबर 2020 ला संपलं, आणि ते संपणार हे अडोबीने 2017 सालीच जाहीर केलं होतं. मायक्रोसॉफ्टचं तसंच प्लगइन सिल्व्हरलाइट, तेही ऑक्टोबर 2021 ला गेलं. साडेतीन वर्षं आधी सांगून गेलेल्या गोष्टीची तयारी होत नाही, मग ही साइट सांभाळायचे पैसे कशाचे घेता? माझ्या कोपऱ्यात विंडोज 7 चा डबा निव्वळ या एका साइटसाठी ठेवला होता. त्याचे सुरक्षा अपडेट 2020 मध्येच थांबलेले, तरी ठेवला. मागच्या पावसाळ्यात वीज पडली आणि बोर्ड जळाला.

आणि ते फॉन्ट! मराठी साइट उघडायची तर ज्याचा त्याचा वेगळा फॉन्ट, तोही एक्सप्लोररमध्येच नीट दिसणार, बाकी ठिकाणी नुसती इंग्रजी अक्षरांची भेळ. कुठेही सारखंच दिसणारं युनिकोड येऊन इतकी वर्षं झाली, तरी आजही कोणी जुन्या फॉन्टमधला ठराव पेन ड्राइव्हवर आणून देतो आणि मी तो अर्जासाठी पहिल्यापासून टाइप करत बसतो.

मोबाइलचं तर बोलूच नका. इथे घरोघरी कॉम्प्युटर नाही, फोन आहे. फोनवर हे प्लगइन कधीच चालणार नाहीत. म्हणजे काकाजींनी दर वेळी सतरा किलोमीटर यायचंच.

म्हणे सहीसाठी प्लगइन लागतं. खोटं! हेच डोंगल दुसऱ्या साइटवर मी क्रोममध्ये रोज चालवतो. सहीचं छोटं सॉफ्टवेअर एकदा मशीनवर टाकलं की ते पानाशी बोलतं, ब्राउझर कोणताही असो. भारत सरकारने ई-गव्हर्नन्ससाठी खुल्या मानकांचं धोरण नोव्हेंबर 2010 मध्ये काढलं आहे. एकाच कंपनीच्या दावणीला कोणी बांधलं जाऊ नये म्हणूनच ते काढलं. ते वाचलं कोणी?

काकाजींनी कागद पुन्हा पिशवीत घातले, डोंगल खिशात ठेवलं. ‘आता कसं करा लागते भाऊ?’ मी म्हटलं, पुढचं निघेल तेव्हा आदल्या दिवशीच या, सकाळीच. ते म्हणाले, ‘आदल्या दिवशी आलो असतो तं खुललं असतं का?’

नसतं उघडलं. तोंडावर तसं सांगितलं त्यांना. मग भिंतीवरच्या कॅलेंडरवर दर 29 व्या दिवसाला लाल पेनने गोल केले: साइट पुन्हा यादीत टाकणे. वर्षाचे बारा गोल झाले.