पहिल्या कादंबरीचे वय

माझ्या मावशीने आपली पहिली कादंबरी वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी लिहून पुरी केली. शाळेतून निवृत्त झाल्यानंतरच्या दोन वर्षांत, कोल्हापुरातल्या मंगळवार पेठेतल्या घराच्या माडीवर बसून तिने फुलस्केप आकाराच्या सात वह्या भरल्या. २०१९ च्या महापुरात शिरोळ तालुक्यातल्या एका गावातून बाहेर काढलेल्या सासू-सुनेची ती गोष्ट आहे, आणि निवारा म्हणून उघडलेल्या शाळेच्या एकाच वर्गात या दोघींना जे दिवस काढावे लागले, त्या दिवसांत त्यांच्या नात्याचे काय होत गेले, हे तिने फार बारकाईने लिहिले आहे. हस्तलिखित जिथे पाठवले तिथून आठवड्याभरात उत्तर आले. त्या उत्तरात गोष्टीविषयी एक ओळही नव्हती. तीनशे प्रतींचा खर्च, त्यातला निम्मा आगाऊ, मुखपृष्ठाचे वेगळे, अशा आकड्यांचा एक कागद होता. मावशीने पैसे भरले आणि दोन महिन्यांत पुस्तक हाती आले. चौथ्या प्रकरणात वारलेला चुलत सासरा नवव्या प्रकरणात कट्ट्यावर बसून चहा मागतो, आणि सासूचे नाव मध्येच दोन पानांपुरते बदलते. चूक लिहिणारीचीच आहे, पण ती पकडणे हे दुसऱ्या कोणाचे तरी काम असते, आणि असा दुसरा कोणी त्या व्यवहारात नव्हताच. गेल्या दिवाळीला मी कोल्हापूरला आले तेव्हा त्या पुस्तकाचे गठ्ठे सुतळीसुद्धा न सोडता पलंगाखाली ठेवलेले होते. मावशी म्हणाली, "तुमच्या तिकडं छापायच्या आधी कुणीतरी वाचतंय व्हय गं?"

वाचतात. गेली अकरा वर्षे मी इंग्लंडमधल्या नॉर्विच शहरात राहते. इथल्या ईस्ट अँग्लिया विद्यापीठात १९७० पासून सर्जनशील लेखनाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम चालतो, आणि २०१२ मध्ये युनेस्कोने या शहराला साहित्यनगरीचा दर्जा दिला. त्यामुळे पहिली कादंबरी लिहिणाऱ्या बायका मला वाचनालयात, शाळेच्या फाटकाशी, शेजारच्या घरात भेटत आल्या आहेत. इथे हस्तलिखित आधी लेखकाच्या वतीने व्यवहार पाहणारा मध्यस्थ वाचतो, मग प्रकाशनसंस्थेतला संपादक वाचतो. स्वीकारले गेले तर कथानकाच्या बांधणीवर चर्चा होते, त्यानंतर भाषेवरून आणि तपशिलांवरून हात फिरवणारा वेगळा माणूस येतो, आणि शेवटी मुद्रितशोधक. स्वीकृतीपासून दुकानापर्यंत वर्ष-दीड वर्ष सहज जाते. वारलेला सासरा या वाटेवर कुठे ना कुठे सापडला असता.

मात्र या वाटेचे दार फार अरुंद आहे, हेही मावशीला सांगणे मला भाग होते. आयमियर मॅकब्राइड यांची पहिली कादंबरी 'अ गर्ल इज अ हाफ-फॉर्म्ड थिंग' तब्बल नऊ वर्षे नकार घेत फिरली. अखेर २०१३ मध्ये ती याच नॉर्विचमधल्या गॅली बेगर प्रेस या चिमुकल्या संस्थेने काढली, आणि पुढच्याच वर्षी तिला स्त्रियांच्या कादंबरीसाठीचा इथला सर्वांत मोठा पुरस्कार मिळाला. मोठ्या संस्थांनी ती वाचली होती. वाचूनच नाकारली होती. वाचणारा माणूस मधे असला म्हणजे न्याय होतोच असे नाही, आणि इथल्या पद्धतीचे गोडवे गाण्यासाठी मी हे लिहीत नाही.

घरी त्या दिवाळीत जो वाद झाला, तो थोडक्यात असा. नात्यातल्या आणि ओळखीतल्या लिहित्या माणसांपैकी काहींचे म्हणणे, पैसे भरून छापलेली पुस्तके जमेस धरू नयेत, त्यामुळेच बायकांच्या कादंबऱ्यांचा दर्जा खालावला आहे. दुसऱ्यांचे म्हणणे, स्त्रियांच्या पहिल्या कादंबरीसाठी स्वतंत्र पुरस्कार असावा, त्याशिवाय त्यांच्याकडे कोणी पाहणार नाही. यावर तिसरे कोणी म्हणाले की बाईमाणूस म्हणून वेगळा पाट मांडणे हाच अपमान आहे.

या वादातले पहिले म्हणणे मला सर्वांत अन्यायाचे वाटते. पैसे भरणारीला दुसरा कोणता रस्ता उघडा होता, हा प्रश्न कोणी विचारत नाही. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे आणि ती मोलाची आहे. ज्याचे एकही पुस्तक आलेले नाही अशा लेखकाच्या पुस्तकाला तिचा आधार मिळतो, आणि तिने अनेकांना पहिले पाऊल टाकता आले. पण मावशीपर्यंत तिची माहिती पोचली ती पुस्तक छापून झाल्यावर, म्हणजे ती योजनेत बसेनाशी झाल्यावर. ज्या वर्तुळात अशा गोष्टी तोंडोतोंडी कळतात, त्या वर्तुळात ती आयुष्यभर नव्हती. सकाळची शाळा, घरी सासऱ्यांचे आजारपण, दोन मुलांची शिक्षणे, यांतून संध्याकाळच्या साहित्यिक कार्यक्रमाला जाऊन मागच्या खुर्चीवर बसणेही तिला जमले नव्हते.

इथेच वयाचा मुद्दा येतो, आणि माझ्या मते आपल्याकडच्या साऱ्या चर्चेत तोच सुटून जातो. 'नवोदित' म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे तरुण माणूस उभा राहतो. साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार २०११ पासून दिला जातो आणि त्याला पस्तिशीची मर्यादा आहे. २०१६ मध्ये मराठीसाठी तो मनस्विनी लता रवींद्र यांच्या कथासंग्रहाला मिळाला, याचा मला मनापासून आनंद झाला होता. तरुणांसाठी पुरस्कार असलाच पाहिजे. पण पस्तिशीच्या आत स्वतःची खोली, स्वतःची संध्याकाळ आणि स्वतःचे नाव हाताशी असणाऱ्या किती बायका आपल्या भागात सापडतील? बाईचे लेखन पुष्कळदा मुले मार्गी लागल्यावर, नोकरी संपल्यावर, कधी कधी वैधव्यानंतर सुरू होते. पुरुष ज्या वयात तिसऱ्या-चौथ्या पुस्तकाला पोचलेला असतो, त्या वयात ती पहिली वही उघडते.

इंग्लंडमध्येही पस्तिशीच्या आतल्या पहिल्या पुस्तकासाठी पारितोषिके आहेत, पण त्यांच्या शेजारी दुसरीही आहेत. चाळिशी ओलांडलेल्या लेखकाच्या पहिल्या कादंबरीसाठीचे मॅकिटरिक पारितोषिक १९९० पासून दिले जाते, आणि साठी ओलांडलेल्यांच्या पहिल्या कादंबरीसाठी २०१९ पासून पॉल टॉर्डे यांच्या नावाने वेगळे पारितोषिक आहे. पेनेलोपी फिट्झजेराल्ड यांची पहिली कादंबरी १९७७ मध्ये आली, तेव्हा त्या साठीच्या होत्या. दोनच वर्षांनी त्यांना बुकर मिळाले. ही नावे मी मावशीला सांगितली तेव्हा तिने ती वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतली.

स्वतंत्र पुरस्काराच्या प्रश्नावर मी बराच काळ डळमळीत होते, आता नाही. १९९१ च्या बुकरच्या अंतिम यादीत सहाच्या सहा पुरुष होते. त्या यादीने अस्वस्थ झालेल्या मंडळींनी पुढे जो पुरस्कार उभा केला, तो १९९६ पासून स्त्रियांच्या इंग्रजी कादंबरीला दिला जातो. त्या वेळी ए. एस. बायट यांच्यासारख्या थोर लेखिकेने त्याला कडाडून विरोध केला आणि आपली पुस्तके त्यासाठी पाठवू दिली नाहीत. आपल्याकडचा 'वेगळ्या पाटाचा' आक्षेप नेमका तोच आहे. पण अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी १८७८ पासून २०२५ पर्यंतच्या अठ्ठ्याण्णव संमेलनांत सहाच स्त्रिया बसल्या, त्यातल्या सहाव्या आपल्या शेजारच्या सांगलीच्या तारा भवाळकर, हे डोळ्यांसमोर असताना एकाच पंगतीत सारखे वाढले जाते असे मला म्हणवत नाही.

तरीही कोल्हापुरात आज कोणी असा पुरस्कार सुरू करायचा म्हणत असेल, तर मी त्यांना स्त्रियांच्या कादंबरीसाठीच्या इथल्या त्या पुरस्काराच्याच दुसऱ्या एका उपक्रमाकडे बघायला सांगेन. २०२० मध्ये जाहीर झालेल्या 'डिस्कव्हरीज' या उपक्रमात ब्रिटन आणि आयर्लंडमधल्या, अजून कादंबरी न छापलेल्या स्त्रिया आपल्या अपुऱ्या कादंबरीची पहिली दहा हजार शब्दांपर्यंतची पाने पाठवू शकतात. कादंबरी पुरी झालेली असण्याची अट नाही आणि प्रवेशाला पैसे पडत नाहीत. निवडलेल्यांना मार्गदर्शन मिळते, विजेतीला पाच हजार पौंड आणि मध्यस्थ मिळतो. छापलेल्या पुस्तकावर शाल घालणे सोपे असते. वहीत अडकलेल्या पानांना वाचणारी माणसे मिळवून देणे कष्टाचे असते, आणि पहिली कादंबरी लिहिणारीला गरज असते ती याच टप्प्यावर.

इथल्या गोष्टींतले काय घेऊ नये, तेही सांगितले पाहिजे. गेल्या काही वर्षांत ब्रिटनमध्ये 'पहिली कादंबरी' हाच एक विक्रीचा माल झाला आहे. दरवर्षी जानेवारीत वर्तमानपत्रांत नव्या कादंबरीकारांची छायाचित्रे झळकतात, हस्तलिखितांचे लिलाव होतात, वॉटरस्टोन्स या पुस्तकदुकानांच्या साखळीने २०२२ पासून पहिल्या कादंबरीसाठी खास पारितोषिक ठेवले आहे. यातून वाचक मिळतात, हे खरे. पण २०२३ मध्ये 'द बुकसेलर' या व्यवसायपत्रिकेने पहिले पुस्तक आलेल्या लेखकांना विचारले, तेव्हा निम्म्याहून अधिक जणांनी त्या अनुभवाने आपल्या मनःस्वास्थ्यावर वाईट परिणाम झाल्याचे सांगितले. २०२२ च्या एका मोठ्या पाहणीत लेखन हाच मुख्य व्यवसाय असणाऱ्यांचे लेखनातून येणारे मध्यम उत्पन्न वर्षाला सात हजार पौंड निघाले, आणि तेवढ्यात इथे कोणाचेच घर चालत नाही. माझ्या शेजारणीची पहिली कादंबरी दुकानाच्या पुढच्या मेजावर सहा आठवडे होती. दुसरी कादंबरी त्याच संस्थेने घेतली नाही. तिला सर्वाधिक त्रास झाला तो मुलाखतींचा, कारण प्रत्येक ठिकाणी कादंबरीतली आई तिचीच आई आहे का, एवढेच विचारले गेले.

हे ऐकताना मला आपले १९३३ साल आठवले. विभावरी शिरूरकर या नावाने 'कळ्यांचे निःश्वास' आले, तेव्हा कथांइतकीच, किंबहुना अधिक, चर्चा ही बाई कोण याची झाली. मालतीबाई बेडेकरांना टोपणनावाआड राहावे लागले, आणि माझ्या शेजारणीला स्वतःचा चेहरा पुस्तकाच्या पुढे धरावा लागला. दोघींच्या वाट्याला पुस्तकाआधी बाई वाचणारे वाचकच आले.

संपादन ही परदेशातून आणायची वस्तू आहे असे कोणी समजू नये. मौज प्रकाशनाच्या श्री. पु. भागवतांनी आणि राम पटवर्धनांनी हस्तलिखितांवर जे काम केले, ते जगातल्या कुठल्याही संपादकाच्या तोडीचे होते. गौरी देशपांडे, सानिया, आशा बगे यांची पुस्तके त्याच घरातून आली. लेखकाला पत्र लिहून एखादा परिच्छेद का गळावा हे समजावून सांगणारा संपादक मराठीने पाहिलेला आहे. तो पगारावर ठेवणे आज बहुतेक प्रकाशकांना परवडत नाही, कारण आवृत्त्या तीनशे-पाचशेवर आल्या आहेत, आणि म्हणून तो खर्च लेखकाच्या माथी न मारता समाजाने कुठून तरी उचलला पाहिजे.

कोल्हापूरने हे आधी करून दाखवलेले आहे. १९४५ मध्ये कोल्हापूर संस्थानाने सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला. भारतात असा कायदा त्याआधी कुठेच नव्हता, मद्रासचा आला तो १९४८ मध्ये. करवीर नगर वाचन मंदिर तर १८५० पासून उभे आहे. ब्रिटनमध्ये १९७९ च्या कायद्याने वाचनालयातून पुस्तक वाचकाच्या हाती गेले की लेखकाला दरवेळी काही पेन्स मिळतात, आणि एका लेखकाला वर्षाकाठी ६,६०० पौंडांपेक्षा जास्त दिले जात नाहीत, त्यामुळे सगळा पैसा चार मोठ्या नावांकडे जात नाही. असा कायदा आपल्याकडे होईल तेव्हा होवो. वाचनालयांनी महिन्यातून एक दुपार हस्तलिखित वाचनाला द्यायला कायदा लागत नाही. दुपार म्हणते, कारण संध्याकाळी बाईला घरातून निघता येत नाही. शहरात शिवाजी विद्यापीठाचा मराठी विभाग आहे, निवृत्त प्राध्यापक आहेत, दैनिकांतून निवृत्त झालेले मुद्रितशोधक आहेत. त्यांना मानधन द्यावे, वयाची अट ठेवू नये, आणि पहिल्या पुस्तकानंतर दुसरे घेऊन येणारीलाही दार उघडे असावे.

मावशीने दुसऱ्या कादंबरीची तीन प्रकरणे मला मोबाइलवर छायाचित्रे काढून पाठवली आहेत. ती साखर कारखान्याच्या वसाहतीत घडते. दोन प्रकरणे मी वाचली आहेत आणि समासात तेवीस प्रश्न लिहिले आहेत. त्यातला पहिला असा की निवेदन करणारी मुलगी दुसऱ्या पानावर नऊ वर्षांची आहे आणि सातव्या पानावर, त्याच गळीत हंगामात, बारा वर्षांची कशी झाली. रविवारी तिच्या दुपारच्या जेवणानंतर, म्हणजे माझ्या सकाळी, आम्ही फोनवर बसणार आहोत. तिने वही आणि लाल पेन काढून ठेवल्याचे कळवले आहे.