आधी गोळी कुठे गेली ते सांग

सकाळपासून डोकं तापलंय. नेमबाजीच्या रेंजवरून येऊन चार तास झाले तरी शांत होत नाही, म्हणून इथे लिहायला बसले. लांबेल, पण आज लिहिणारच.

एक मुलगा आहे. नाव लिहीत नाही, इथले बरेच जण त्याला ओळखतात. वर्षभर मन लावून शिकतोय. वेळेवर येतो, रायफल स्वच्छ ठेवतो, दुसरा कोणी नेम धरून असेल तर तोंडातून शब्द काढत नाही. आज तो पहिल्यांदा 800 मीटरवरच्या टार्गेटसाठी मॅटवर झोपला. वीस गोळ्यांत सहा लागल्या. पहिल्या दिवसाला सहा म्हणजे मी तर पाठ थोपटली असती. पण तो उठला तेव्हा चेहरा पडलेला होता, आणि लगेच पाच-सहा जण त्याच्याभोवती गोळा झाले. एक म्हणाला, स्कोप (रायफलीवरची दुर्बीण) बदल, या काचेतून काय दिसणार. दुसरा म्हणाला, .308 काडतुसाची रायफल घेऊन इतक्या लांब कोण मारतं आता, 6.5 क्रीडमूर काडतुसाची घे. तिसऱ्याने बॅरलला नावं ठेवली, चौथ्याने ट्रिगरला. एकाने मोबाइल काढून फोटोच दाखवायला घेतले.

हे सगळं वीसेक मिनिटं चाललं. तेवढ्या वेळात एकानेही त्या पोराला विचारलं नाही की बाबा, वारा किती धरला होतास, म्हणजे गोळी वाऱ्याने वाहणार म्हणून नेम किती सरकवला होतास? ज्या चौदा गेल्या, त्या कुठे गेल्या? डावीकडे? खाली? चौदाच्या चौदा एकाच बाजूला, की सगळीकडे?

दुपारी ग्रुपवर त्याचा मेसेज आला. रायफल विकायला काढलीय.

आणि मी तिथेच होते. दहा पावलांवर मॅट गुंडाळत होते. सगळं ऐकू येत होतं आणि मी गप्प राहिले. लोकांचा राग आहेच, पण या गप्प बसण्याचा जास्त आहे. कारण त्या मुलाच्या जागी एकदा मी होते.

माझा तिसरा सीझन. 600 मीटरपर्यंत बरं चालायचं, त्यापुढे गेलं की दर पाच-सहा गोळ्यांमागे एखादी गोळी खाली उजवीकडे सुटायची. दोन महिने मी ते सहन केलं आणि मग ठरवून टाकलं की बॅरल गेलं. सगळे म्हणालेच, हो, गेलंय. साठवलेले पैसे मोडले, नवीन बॅरल बसवलं. पहिल्या दिवशी इतकी खूष होते की काय सांगू. दुसऱ्या आठवड्यात गोळी पुन्हा खाली उजवीकडे.

मला शिकवणाऱ्या सरांकडे गेले आणि म्हटलं, सर, आता स्कोप बदलावा लागणार. सर काही बोलले नाहीत. त्यांनी मला मॅटवर झोपवलं, रायफल स्वतःच्या हातात घेतली आणि म्हणाले, आज मी भरून देईन, तू फक्त चाप दाब. बोल्ट तेच बंद करायचे, मला बघू द्यायचे नाहीत. पहिली गोळी गेली. दुसरी गेली. तिसऱ्याला आवाज आला नुसता खट्.

चेंबर रिकामं होतं. आणि त्या खट्च्या क्षणी मी स्कोपमधून माझ्या डोळ्यांनी पाहिलं, क्रॉसहेअर, म्हणजे स्कोपमधली नेमाची फुली, टार्गेटवरून उडून खाली उजवीकडे गेलं. गोळी नाही, दणका नाही, तरी रायफलीचं नाक खाली गेलं. दणका येणार म्हणून माझा खांदा आधीच आवळला जात होता आणि चाप दाबायच्या ऐवजी मी तो हिसकत होते. नवीन बॅरल बिचारं मी जिकडे नाक वळवत होते तिकडेच गोळी पाठवत होतं.

माहीत असलेल्यांसाठी यात नवीन काही नाही, जुनीच परीक्षा आहे ही. पण ज्यांनी कधी करून पाहिली नसेल त्यांनी कृपा करून काही विकत घेण्याआधी ती करा. भरून द्यायला फक्त एक विश्वासू माणूस लागतो.

आता आकड्यांचं बोलू, कारण उद्या कोणीतरी म्हणेलच की ताईंना भावनाच फार. 800 मीटरवर आडवा वारा सेकंदाला 1 मीटर असेल, तर .308 ची 175 ग्रेन वजनाची गोळी साधारण 35 ते 40 सेंटिमीटर वाहते. 6.5 क्रीडमूरची 140 ग्रेनची चांगली गोळी साधारण 30. म्हणजे सगळी रायफल बदलून त्या पोराच्या पदरात काय पडणार, तर मीटरभर वाऱ्यामागे सात-आठ सेंटिमीटर. आणि वाऱ्याचा अंदाज तेवढ्याच एका मीटरने चुकला तर नवीन रायफलीनेही 30 सेंटिमीटर जाणारच. आज सकाळी वारा दोनवरून चारवर जात होता आणि परत येत होता. मी पाहत होते ना! गवत आमच्याजवळ एका बाजूला झुकत होतं आणि मध्यावर दुसऱ्या बाजूला. त्याने पहिल्या गोळीला जो वारा धरला तोच विसाव्यापर्यंत धरला. हे त्याला कोण सांगणार?

रायफल जरा कलली तर काय होतं, हेही कोणी सांगितलं नसेल. 1000 मीटरवर .308 ची गोळी दहा मीटरांहून जास्त पडते. रायफल नुसती एक अंशाने कलली, तर त्या पडण्यातला भाग आडवा होतो आणि गोळी 20 सेंटिमीटरच्या आसपास बाजूला जाते. स्कोपवर बोटभर लांबीची पाण्याची पातळी बसवली की ते दिसतं. पण ती बघायची सवय लागावी लागते, आणि सवय दुकानात मिळत नाही.

हो, मान्य आहे, सामान वाईट असू शकतं. माउंटचा स्क्रू ढिला असेल, स्कोपची क्लिक फिरवली तेवढी सरकत नसेल, तर कोणाचंही काही चालणार नाही. काडतुसांच्या वेगात सेकंदाला 15 मीटरचा फरक पडत असेल तर 1000 मीटरवर गोळ्या अर्धा मीटर वर-खाली होणार, त्याला तुमचा श्वास जबाबदार नाही. बस. एवढंच मान्य करते.

आणि क्रीडमूर, क्रीडमूर जे चाललंय, ते नाव कुठून आलं माहीत आहे का कोणाला? न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर क्रीडमूर नावाची रेंज होती, 1873 मध्ये सुरू झालेली. 1874 मध्ये तिथे आयर्लंड आणि अमेरिका यांचा सामना झाला, 800, 900 आणि 1000 यार्डांवर. आयरिश संघाकडे पुढून भरायच्या रिग्बी रायफली, त्या काळच्या अतिशय नावाजलेल्या. अमेरिकनांकडे मागून भरायच्या नव्या शार्प्स आणि रेमिंग्टन. अमेरिका जिंकली, 934 विरुद्ध 931. तेव्हापासून सगळे सांगतात, नव्या रायफलीने जुनीला हरवलं. पण तो सामना नीट वाचा. एका आयरिश नेमबाजाने एक गोळी बरोबर मध्यात मारली, पण दुसऱ्याच टार्गेटच्या मध्यात! तिचे 4 गुण मिळाले नाहीत. 931 मध्ये 4 मिळवा. जुन्या रायफली जिंकल्या असत्या. सगळा इतिहास बदलला असता, आणि चूक ना बॅरलची होती ना काडतुसाची.

130 वर्षांनी पुन्हा तेच झालं. 2004 च्या अथेन्स ऑलिंपिकच्या आधी अमेरिकन नेमबाज मॅथ्यू एमन्सच्या रायफलीची कोणीतरी मुद्दाम नासधूस केली होती. त्याने सहकाऱ्याची रायफल मागून घेतली आणि 50 मीटर प्रोनचं, म्हणजे झोपून मारायच्या प्रकाराचं, सुवर्ण जिंकलं. मागून आणलेल्या रायफलीवर! दोनच दिवसांनी थ्री पोझिशनच्या (झोपून, गुडघ्यावर आणि उभं राहून) फायनलमध्ये शेवटच्या गोळीपर्यंत तो पुढे होता, आणि ती शेवटची गोळी शेजारच्याच्या टार्गेटवर गेली. थेट आठवा आला. आपला खेळ 50 मीटरचा नाही, कबूल. पण तो माणूस तोच होता, आणि जिंकला तोही रायफलीमुळे नाही, हरला तोही रायफलीमुळे नाही.

फुलबोअरवाले, म्हणजे मोठ्या काडतुसांच्या टार्गेट रायफलीवाले, आजही 1000 यार्डांवर दुर्बिणीशिवाय मारतात. पुढे रिंग, मागे छिद्राची साइट, बस. त्यांचा बुल, म्हणजे टार्गेटचा मधला गोल, तिथे दोन फुटांचा असतो. आणि आपण एका शिकाऊ पोराला सांगतो की तुझ्या काचेतून दिसत नाही म्हणून लागत नाही.

वर सगळं वाचून पाहिलं. रागाने लिहिलंय खरं. ज्यांनी सल्ले दिले ते वाईट लोक नाहीत, त्यातल्या दोघांनी मला पावसात गाडीत सोडलेलं आहे. खरेदी का करतो आपण, तेही मला कळतं. वाईट दिवस गेला की घरी येऊन काहीतरी करावंसं वाटतं, आणि करता येण्यासारखं तेवढंच असतं. नवीन बॅरल येणार म्हटल्यावर महिनाभर झोप छान लागते. मी स्वतः ते बॅरल घेतलं कारण दोष माझ्या हातात असेल हा विचारच मला पेलत नव्हता. बॅरल बदलता येतं. स्वतःच्या खांद्याचं काय करायचं, हे तेव्हा कोणी सांगितलं नव्हतं.

सरांनी सांगितलं. त्या खट्नंतर त्यांनी मला एक वही आणायला लावली. प्रत्येक गोळीनंतर गाल स्टॉकवरून न उचलता बोलायचं, कुठे गेली. सर मागे त्यांच्या स्पॉटिंग स्कोपमधून बघायचे आणि लिहायचे, पण दहा गोळ्या होईपर्यंत काही सांगायचे नाहीत. पहिल्या दिवशी दहातल्या दोन बरोबर सांगितल्या मी. सरांनी वही मिटली आणि म्हणाले, "दोन गोळ्या कुठे गेल्या ते तुला ठाऊक आहे. मग बाकीच्या आठांचा आळ बॅरलवर कशाच्या जोरावर घेतलास?"

मला रडू आलं होतं. सरांनी पाहिलं नाही असं दाखवलं.

त्यानंतर सहा महिने रोज संध्याकाळी रिकामी रायफल, चेंबर दोनदा तपासून, भिंतीवरच्या एका ठिपक्यावर. खट्. क्रॉसहेअर हललं का? पुन्हा. खट्. रेंजवर आठवड्याला दहाच गोळ्या, आणि प्रत्येक गोळीच्या आधी वहीत वारा लिहायचा. मिराज, म्हणजे स्कोपमधून दिसणारी तापलेल्या हवेची थरथर, सरळ वर उकळतेय की आडवी वाहतेय, किती मीटर धरला, का धरला. सीझनच्या शेवटी दहातल्या आठ-नऊ बरोबर सांगता यायला लागल्या. गोळ्या लागायला तर त्याच्या कितीतरी आधीच लागल्या होत्या.

आणि एक गोष्ट अजून सलते. ते जुनं बॅरल मी उतरवून देऊन टाकलं होतं. ते खरंच गेलेलं होतं की चांगलं होतं, मला आजही माहीत नाही. कळणार कसं? ते ओळखण्याइतकी नेमबाज मी तेव्हा नव्हतेच. गोळी कुठे सुटली हे ज्याला सांगता येत नाही, त्याला रायफल कशी आहे हे सांगता येत नाही, चांगली आहे हेही नाही. माझा सगळा राग एवढ्याचसाठी आहे. त्या पोराची रायफल वाईट असेलही! पण ते आज ना त्याला माहीत आहे, ना त्या सहा जणांना, ना मला. आणि तो ती विकून मोकळा होणार, नवीन घेणार, आणि पहिले दोन आठवडे खूष असणार.

सकाळी बोलायला हवं होतं. बोलले नाही.

मघाशी त्याला मेसेज केला. लिहिलं, विकायचं तर वीक, पण रविवारच्या आधी नको. रविवारी रायफल आहे तशी घेऊन ये, काही बदलू नकोस, काही पुसू नकोस. भरून मी देईन.

आत्ता हे लिहिता लिहिता उत्तर आलं. "ताई, गोळ्या किती आणू?"

दहा आण म्हटलं. आणि एक वही.